दानवीर शेठ प्रेमचंद रायचंद : वैभव आणि बोध

जैन समाजाचे भूषण ठरलेले शेठ प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ साली सुरत येथे झाला. मुंबईत येऊन कापूस व शेअर व्यापारात त्यांनी असामान्य कीर्ती संपादन केली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडला तेथील कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचे मोल आले. नव्या कंपन्यांचे पेव फुटले. शेठजींच्या शब्दावर बँक ऑफ बॉम्बेतून पुरेशा तारणाविना कर्जे दिली गेली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. शेठजींचे वैभव लयास गेले. बँकही सावरली नाही. १८६८ मध्ये तिचा कारभार गुंडाळावा लागला. चौकशीत मोजक्या कारभाऱ्यांची बेफिकिरी उघड झाली. शेठजींचा प्रभावही लपला नाही. झळ मात्र निर्दोष भागधारकांना बसली.

तथापि उत्कर्षकाळातील त्यांचे दान अक्षय राहिले. मातुःश्रींच्या नावाने मुंबई विद्यापीठात उभा असलेला राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. कलकत्ता विद्यापीठातील शिष्यवृत्तीही त्यांच्याच दानातून सुरू झाली. १९०६ साली त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या औदार्यास वंदन करताना त्या बँकेचे स्मरणही ठेवले पाहिजे. चूक थोड्यांची असते, विश्वास मात्र साऱ्या संस्थेवरचा उडतो. म्हणून कितीही थोर नावापुढे नम्रपणे हिशेब मागणे, हाच विश्वस्ताचा खरा धर्म होय.