आनंदीबाई जोशींचे बाळ दहाच दिवस जगले. कमी वजनाच्या नवजात बाळाची साखर आज का तपासतात?

बुलढाणा : बाळ जन्मले, पण वजन अडीच किलोच्या आत भरले. थोड्याच वेळात परिचारिका बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचा थेंब घेते. एवढ्याशा जिवाची साखर कशाला तपासायची, असा प्रश्न आजी-आजोबांना पडतो. त्याचे उत्तर डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या आयुष्याच्या आधाराने समजून घेऊया. त्यांना डॉक्टर होण्याची ओढ लागली, ती एका नवजात बाळाच्या मृत्यूमुळेच.

कोण होत्या आनंदीबाई?

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी कुटुंबात यमुनेचा जन्म झाला. नवव्या वर्षी टपाल खात्यात कारकून असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी तिचे लग्न झाले. ते विधुर होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. पत्नीने शिकलेच पाहिजे, हा गोपाळरावांचा हट्ट होता.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाही आणि तो दहा दिवसांतच गेला. त्या काळी बायका पुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यायला तयार नसत आणि स्त्री डॉक्टर जवळपास नव्हत्याच. या दुःखातून आनंदीबाईंनी डॉक्टर होण्याचे ठरवले.

तेव्हा बाळ तपासायची सोय काय होती?

आनंदीबाईंचे बाळ नेमके कशाने गेले, हे शोधण्याचे साधनच तेव्हा नव्हते. १८८० च्या सुमारास पॅरिसमध्ये डॉ. तार्निए कमी दिवसांच्या बाळांसाठी उबेच्या पेटीचा प्रयोग करत होते. नवजात बाळाच्या रक्तातील साखर घसरते आणि त्याने जीव धोक्यात येतो, हे नीट समजायला विसावे शतक उजाडले.

मात्र एक गोष्ट आज पक्की माहीत आहे. आई कोवळ्या वयाची असेल, तर बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो.

अमेरिकेपर्यंतचा प्रवास

गोपाळरावांनी १८८० मध्ये अमेरिकी मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिले. ते तिकडच्या नियतकालिकात छापून आले. न्यू जर्सीच्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी ते वाचले आणि मदतीचा हात पुढे केला.

१८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. देशाला स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, हे त्यांनी टीकाकारांसमोर मांडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या कोलकात्याहून जहाजाने निघाल्या. गोपाळराव सोबत नव्हते. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला.

थंडी, परका आहार आणि आजारपण सोसत त्यांनी शिक्षण पूर्ण केले. प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदू परंपरेतील प्रसूतिशास्त्राचा. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्यांची गणना होते. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. पण त्या मायदेशी परतल्या तेव्हा क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची २२ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ज्या कामासाठी त्या शिकल्या, ते करायला त्यांना वेळच मिळाला नाही.

बाळाची साखर का घसरते?

पोटात असताना बाळाला नाळेतून सतत साखर मिळते. नाळ कापली की हा पुरवठा थांबतो. पूर्ण दिवसांचे बाळ यकृतात साठवलेल्या साखरेवर आणि अंगच्या चरबीवर दूध येईपर्यंत निभावते. हा साठा गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत तयार होतो. त्यामुळे कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाकडे तो अपुरा असतो. त्यात बाळ गार पडले, तर ऊब राखण्यातच उरलीसुरली साखर खर्च होते.

मेंदूचे मुख्य इंधन साखरच आहे. ती साधारण ४५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली तर उपचार लागतात. साखर फार काळ कमी राहिली, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अनेकदा वरून काहीच लक्षण दिसत नाही. म्हणूनच टाचेची ती सुई गरजेची असते.

घरच्यांनी काय करावे?

- जन्मानंतर तासाभरात आईचे दूध पाजावे. त्यानंतर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा पाजावे.
- मध, गुटी किंवा साखरेचे पाणी देऊ नये.
- बाळाला आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवावे. यालाच कांगारू पद्धत म्हणतात.
- बाळ सुस्त पडले, दूध ओढेना, अंग थरथरले, गार किंवा निळसर पडले, झटके आले, तर तातडीने रुग्णालय गाठावे. तिथे शिरेतून ग्लुकोज देता येते.

जळगाव जामोद किंवा संग्रामपूरच्या सातपुड्यालगतच्या गावांतून जिल्हा मुख्यालय दूर पडते. तिथे आधी १०२ किंवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाचा सरकारी रुग्णालयातील उपचार आणि ने-आण मोफत आहे.

आशा ताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. बाळंतपण घरी झाले असेल, तर पहिल्या दिवशीही येतात. नवजात बाळाची घरपोच काळजी घेण्याची ही वाट महाराष्ट्रातच, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने घालून दिली.

आनंदीबाईंच्या बाळाच्या दहा दिवसांत दाराशी असे कोणी आले नव्हते. आज पहिल्या दहा दिवसांत आशा ताईंच्या किमान दोन भेटी ठरलेल्या आहेत. त्या चुकवू नयेत.