अफूच्या बंदीतून सुटलेला पाळक शी

चीन देशाच्या शान्सी प्रांतात, पिंगयांग शहराजवळील एका खेड्यात, सन १८३६ च्या सुमारास शी ह्या घराण्यात एक मुलगा जन्मास आला. तो कन्फ्यूशियसच्या शास्त्रात निष्णात झाला, सरकारी परीक्षा उतरला, आणि आसपासचे लोक आपले तंटे घेऊन त्याच्याकडे येऊ लागले. पुढे प्रकृती बिघडली तेव्हा मित्रांनी त्यास औषध म्हणून अफू ओढावयास सांगितले. प्रथम बरे वाटले. मग नळी चुकली की नाकडोळे वाहत, हाडे ठणकत, पोटात कळा येत. औषधच रोग होऊन बसले. अशी सुमारे दहा वर्षे गेली.

त्या काळी शान्सीचे शेतकरी धान्याच्या शेतात अफू पिकवीत. तथापि चीन देशास हे व्यसन जडवण्यात आमच्या किनाऱ्याचाही हात होता, कारण माळव्याची अफू मुंबई बंदरातून जहाजांत भरून तिकडे जात असे. हे लिहिताना आम्हांस लाज वाटते.

सन १८७७ ते १८७९ ह्या वर्षांत तेथे घोर दुष्काळ पडला. वेस्लियन मिशनचे डेव्हिड हिलसाहेब मदत वाटण्यास आले. त्यांनी विद्वानांकडून ख्रिस्ती विषयांवर निबंध मागवले. शीने निरनिराळ्या नावांनी निबंध धाडून बक्षिसे मिळवली. खरे सांगावयाचे तर तो रुप्याच्या लोभाने आला होता. साहेबांनी त्यास भाषा शिकवण्यास ठेवून घेतले. तेथे नवा करार त्याच्या हाती पडला, आणि प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचताना तो गुडघ्यांवर आला.

अफू मात्र त्याच दिवशी सुटली नाही. सात दिवस व सात रात्री त्यास अन्न गेले नाही की झोप आली नाही. जो कोणी अफूबाजाच्या उशाशी बसला आहे त्यास ह्याचा अर्थ कळेल. प्रार्थना करीत करीत तो त्यातून उठला. पुढे त्याने शेंगमो, म्हणजे सैतानास जिंकणारा, हे नाव घेतले. भांडून घराबाहेर घालवलेल्या सावत्र आईस त्याने परत घरी आणले.

येथे उपदेशक बंधूंनी एक गोष्ट न्याहाळावी. आपण जे सोसले ते शीने दुसऱ्यांवर लादले नाही. अफूबाजांसाठी त्याने आश्रयगृहे उघडली. परदेशी औषध संपले तेव्हा उपासप्रार्थना करून देशी औषधींच्या गोळ्या स्वतः तयार केल्या. रोग्यांजवळ जे बसत, त्यांतील पुष्कळ जण पूर्वी स्वतः अफूबाज होते. त्यांतील काहींनी पुढे त्याच्याशी फितुरी करून शेजारीच आपली आश्रयगृहे थाटली. ते दुःख त्यास फार झोंबले.

हुओचाऊ गावासाठी त्याच्या घरी रोज प्रार्थना होई, परंतु आश्रयगृहास पैसा नव्हता. एके दिवशी त्याच्या पत्नीने आपले लग्नाचे दागिने आणून पुढे ठेवले. त्यांवर ते काम उभे राहिले.

सन १८८६ मध्ये हडसन टेलर साहेबांनी त्यास पाळकपदाची दीक्षा दिली, आणि १९ फेब्रुवारी १८९६ रोजी तो प्रभूकडे गेला. तोवर आश्रयगृहे चाळीसांवर गेली होती. दागिने देऊन टाकलेली त्याची विधवा त्याच्यामागेही प्रभूच्या सेवेत राहिली.