डब्यांचे चित्रकार अँडी वॉरहॉल

वर्गमित्रांनो आणि शाळा पाहायला आलेल्या आईवडिलांनो, चित्र कशाचे काढावे? आपण परीक्षेत दोन डोंगर काढतो, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि एक नारळाचे झाड. त्याऐवजी दुकानातला डबा काढून दिला तर गुरुजी मार्क देतील का? अमेरिकेत एका माणसाने सूपचे ३२ डबे काढले आणि ती चित्रे आज न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात आहेत. त्या माणसाचे नाव अँडी वॉरहॉल. सूप म्हणजे भाजीचे किंवा मटणाचे पातळ कढण. तिकडे ते डब्यात भरून विकत मिळते.

अँडीचा जन्म ६ ऑगस्ट १९२८ रोजी पिट्सबर्ग शहरात झाला. खरे नाव अँड्र्यू वॉरहोला. आईवडील मूळचे युरोपातील मिकोवा या डोंगराळ खेड्यातले. आता ते गाव स्लोव्हाकिया देशात आहे. वडील आधी पोटासाठी अमेरिकेला गेले. आई ज्युलिया गावीच राहिली. तिचे पहिले मूल गावातच दगावले. १९२१ साली ती नवऱ्याकडे गेली. तिथे तीन मुलगे झाले, पॉल, जॉन आणि धाकटा अँडी. घरात रुसिन भाषा बोलत. आईला इंग्रजी शेवटपर्यंत धड आले नाही.

पिट्सबर्ग म्हणजे पोलादाच्या कारखान्यांचे गाव, सगळीकडे धूर. वडील बांधकामावर मजूर होते. कामासाठी कित्येक दिवस बाहेरगावी असत. आई रिकाम्या डब्यांचे पत्रे कापून त्यांची फुले करायची आणि दारोदार विकायची. डब्याची गोष्ट इथूनच सुरू झाली बघा! रविवारी सगळे चर्चला जात. तिथे समोर संतांच्या चित्रांची भिंतच होती, एकाशेजारी एक, ओळीने. लहानगा अँडी तासन् तास त्या चित्रांसमोर बसायचा.

आठएक वर्षांचा असताना तो आजारी पडला. हातपाय आपोआप थरथरायचे. फळ्यावर लिहायला उठला की हात वाकडेतिकडे जायचे आणि पोरे हसायची. त्याला कित्येक आठवडे अंथरुणात काढावे लागले. आईने त्याला रंगवायची पुस्तके आणि सिनेमाची मासिके आणून दिली. एक पान रंगवून झाले की ती एक चॉकलेट द्यायची. आजार गेला, पण दवाखान्याची भीती जन्मभर राहिली.

१९४२ साली वडील वारले. अँडी तेव्हा १३ वर्षांचा होता. वडिलांचा देह घरात आणून ठेवला तेव्हा तो भीतीने पलंगाखाली जाऊन लपला आणि बाहेर यायला तयार होईना. पण वडिलांनी मजुरीतून पैसे साठवून ठेवले होते, ते या धाकट्याच्या शिक्षणासाठी. थोरले भाऊ कामाला लागले आणि अँडी कॉलेजात गेला. मला या गोष्टीत सर्वांत जास्त हेच वाटते. ज्या वडिलांनी पैसे ठेवले त्यांनी त्याचे एकही प्रसिद्ध चित्र पाहिले नाही.

कॉलेजात पहिल्याच वर्षी त्याची गाडी अडली, जवळजवळ नावच कमी होणार होते. सुटीत पॉलच्या गाडीवर तो भाजी आणि फळे विकायला जायचा. तिथे भाजी घ्यायला येणाऱ्या बायामुलांची त्याने भराभर चित्रे काढली. ती पाहून कॉलेजने त्याला बक्षीस दिले. म्हणजे भाजीच्या गाडीनेच त्याला तारले म्हणायचे.

१९४९ साली पदवी घेऊन अँडी न्यूयॉर्कला गेले. (आता ते मोठे झाले, म्हणून अहोजाहो.) नावातला शेवटचा आ गळाला आणि वॉरहॉल झाले. मासिकांसाठी ते बायकांच्या चपला-बुटांची चित्रे काढत. कागदावर शाईची रेघ ओढायची आणि ओली असतानाच दुसऱ्या कागदावर दाबायची, मग तुटक आणि मजेदार रेघ उमटते. थोड्याच वर्षांत चांगला पैसा मिळू लागला. १९५२ च्या सुमारास आईही त्यांच्याकडे राहायला आली. तिचे अक्षर वळणदार होते. १९५४ साली काढलेल्या मांजरांच्या पुस्तकात त्यांनी आईकडून नाव लिहून घेतले. तिच्या हातून एक अक्षर सुटले. त्यांनी चूक तशीच छापली!

पण जाहिरातीचा चित्रकार म्हणून राहणे त्यांना पुरेना. १९६१ मध्ये त्यांनी कॉमिक्सवरून चित्रे केली. तेवढ्यात कळले की रॉय लिक्टनस्टाइन या चित्रकारानेही तेच केले आहे. त्यांनी तो विषय सोडला. मग एका ओळखीच्या बाईंनी सुचवले की सगळे रोज बघतात अशी वस्तू काढा. त्या सल्ल्याचे त्यांनी ५० डॉलर दिले म्हणे. तेव्हा कॅम्पबेल कंपनीचे ३२ प्रकारचे सूप मिळत असे. त्यांनी प्रत्येकाचा एक डबा काढला. जुलै १९६२ मध्ये लॉस एंजेलिस येथे ती चित्रे फळीवर किराणा दुकानासारखी मांडली. लोक हसले. शेजारच्या दुकानदाराने खरे डबे मांडून स्वस्तात विकायला काढले. शेवटी प्रदर्शनवाल्यांनीच सगळी ३२ चित्रे हजार डॉलरला घेतली, तीही महिन्याच्या हप्त्याने. १९९६ मध्ये ती संग्रहालयात गेली तेव्हा त्यांची किंमत दीड कोटी डॉलरच्या घरात धरली होती. अशा रोजच्या वस्तूंच्या कलेला पॉप आर्ट म्हणतात.

याच वर्षी ऑगस्टमध्ये मेरिलिन मन्रो ही नटी वारली. वॉरहॉल यांनी तिचा एक फोटो घेऊन एकाच चित्रात ५० वेळा छापला. डावीकडचे २५ चेहरे भडक रंगात, उजवीकडचे २५ काळेपांढरे, काही पुसट होत गेलेले. ही छपाई जाळीची. चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबायची, जशी लग्नपत्रिका छापतात. मला वाटते, त्या ओळींत चर्चची भिंत आहे. आमच्या वर्गात यावर भांडण झाले. अर्ध्यांचे म्हणणे, ही नक्कल आहे, चित्र नव्हे. मीही आधी त्यांच्यातच होतो.

पुढे त्यांनी चंदेरी कागद लावलेली मोठी चित्रशाळा काढली, तिला कारखाना असेच नाव पडले. तिथे नट, गायक, रिकामटेकडे, सगळे येत. त्यातल्याच एका बाईने ३ जून १९६८ रोजी त्यांच्यावर गोळी झाडली. डॉक्टरांनी पाच तास शस्त्रक्रिया करून वाचवले, पण पुढे जन्मभर पोटाला पट्टा बांधावा लागला.

आई म्हातारी झाली, पिट्सबर्गला परतली आणि नोव्हेंबर १९७२ मध्ये वारली. ते अंत्यविधीला गेले नाहीत. कोणी चौकशी केली तर आई बरी आहे असेच सांगत. हे वाचून मला पलंगाखालचा पोरगा आठवला. १९७४ साली त्यांनी तिची चित्रे केली.

पित्ताशयाचे दुखणे त्यांनी वर्षानुवर्षे अंगावर काढले, कारण दवाखाना नको होता. अखेर फेब्रुवारी १९८७ मध्ये शस्त्रक्रिया करावीच लागली. ती नीट पार पडली, पण २२ फेब्रुवारीला पहाटे झोपेतच ते गेले. वय ५८. भावांनी त्यांना पिट्सबर्गजवळ आईवडिलांच्या कबरीपाशी पुरले. लोक अजून तिथे जातात आणि फुलांबरोबर सूपचा डबा ठेवून येतात.