विश्लेषण : कीटकांच्या आठ हजार नव्या प्रजाती, एक कोडे आणि डार्विन यांना पुरावा... हेन्री बेट्स कोण होते?

कीटकाची नवी प्रजाती सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तो कीटक नवाच आहे हे ठरते कसे आणि त्याला नाव देऊन साधते काय, हा प्रश्न मात्र अनेकांना पडतो. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कीटकतज्ज्ञ हेन्री वॉल्टर बेट्स यांचे आयुष्य म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आहे.

मोज्यांच्या व्यवसायातून कीटकांकडे कसे?

बेट्स यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी इंग्लंडमधील लेस्टर येथे झाला. वडिलांचा मोजे तयार करण्याचा व्यवसाय होता. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि बेट्स याच व्यवसायात उमेदवारी करू लागले. दिवसभर काम, रात्री कामगारांसाठीच्या संस्थेत अभ्यास आणि सुट्टीच्या दिवशी जवळच्या चार्नवूडच्या रानात भुंगेरे गोळा करणे हा त्यांचा क्रम. १८४३ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, त्यांचे भुंगेऱ्यांवरील टिपण प्राणिशास्त्राच्या नियतकालिकात छापून आले. पुढच्याच वर्षी लेस्टरमध्ये शिक्षक म्हणून आलेल्या आल्फ्रेड रसेल वॉलेस यांच्याशी त्यांची ओळख झाली. वॉलेस यांना भुंगेऱ्यांचा नाद बेट्स यांनीच लावला.

अ‍ॅमेझॉनला जाण्याचे कारण काय?

दोघांकडेही पैसा नव्हता आणि विद्यापीठाची पदवीही नव्हती. त्यांनी व्यवहार्य बेत आखला. दक्षिण अमेरिकेतील कीटक व पक्ष्यांचे नमुने लंडनमधील दलालामार्फत संग्राहकांना विकायचे, त्यावर खर्च भागवायचा आणि प्रजाती निर्माण कशा होतात या प्रश्नाचा माग घ्यायचा. एप्रिल १८४८ मध्ये ते लिव्हरपूलहून निघाले आणि मेअखेर ब्राझीलमधील पारा बंदरात, म्हणजे आजच्या बेलेम शहरात, उतरले. काही काळाने दोघांनी वेगळ्या वाटा धरल्या. वॉलेस १८५२ मध्ये परतले. वाटेत जहाजाला आग लागून त्यांचा बहुतेक संग्रह नष्ट झाला. बेट्स मात्र तब्बल ११ वर्षे तिथेच राहिले.

ही ११ वर्षे कशी गेली?

नमुने लंडनला पोहोचायला, विकले जायला आणि पैसे परत यायला अनेक महिने लागत. त्यामुळे हाती पैसा नाही, अंगावरचे कपडे विरलेले, अशी वेळ बेट्स यांच्यावर आली. १८५१ मध्ये पारा येथे पीतज्वराची साथ होती. तिथे वॉलेस यांचे धाकटे बंधू हर्बर्ट दगावले. बेट्सही आजारी पडले, पण वाचले. एकाकीपण तर इतके, की इंग्लंडहून आलेले नियतकालिक ते पुन्हा पुन्हा वाचत आणि शेवटी त्यातील जाहिरातीही वाचून काढत.

नमुने टिकवणे ही आणखी एक लढाई होती. टाचणीला लावलेला कीटक दमट हवेत वाळेपर्यंत मुंग्या त्याचा फडशा पाडत. म्हणून बेट्स वाळवणाचे पिंजरे छताला दोरीने टांगत. मुंग्या उतरू नयेत म्हणून दोरीला कडू तेल लावत आणि उंदरांना अडवण्यासाठी दोरीच्या मध्यावर भोपळ्यासारख्या फळाची वाटी उपडी अडकवत. एगा, म्हणजे आजचे तेफे, हे नदीकाठचे गाव त्यांचे दीर्घकाळचे ठाणे होते. केवळ या परिसरात त्यांना कीटकांच्या सुमारे सात हजार प्रजाती मिळाल्या.

प्रकृती ढासळल्याने १८५९ मध्ये ते परत निघाले. वॉलेस यांचा अनुभव लक्षात घेऊन त्यांनी संग्रह तीन वेगवेगळ्या जहाजांतून पाठवला. एकूण मोजदाद झाली ती १४,७१२ प्रजातींची. त्यांपैकी सुमारे १४ हजार कीटकांच्या होत्या. सुमारे आठ हजार प्रजाती विज्ञानाला पूर्णपणे नव्या होत्या.

नवी प्रजाती ठरते कशी?

कीटक जाळ्यात येणे ही केवळ सुरुवात असते. त्याची तुलना आधी वर्णन झालेल्या प्रजातींच्या नमुन्यांशी करावी लागते. पंखांवरील शिरांची मांडणी, पायांची ठेवण, मिशा, मुखावयव असे बारकावे तपासले जातात. फरक कायमचा आहे अशी खात्री पटली, की वर्णन आणि लॅटिन धाटणीचे दोन शब्दी नाव प्रसिद्ध केले जाते व मूळ नमुना संग्रहालयात जपला जातो. हे काम एकट्याच्या आवाक्यातले नसते. बेट्स यांनी आणलेल्या कीटकांचे वर्णनही अनेक तज्ज्ञांनी मिळून केले. नमुना नेमका कुठे मिळाला याची नोंदही तितकीच महत्त्वाची. बेट्स यांनी ती काटेकोरपणे ठेवली होती आणि तीच पुढे निर्णायक ठरली.

वर्गीकरण करताना कोणते कोडे पडले?

अ‍ॅमेझॉनच्या जंगलात भडक रंगांची, लांबट पंखांची काही फुलपाखरे संथपणे उडत. संख्येने ती भरपूर होती, तरी पक्षी त्यांच्या वाटेला जात नसत. ती बेचव असावीत, असा बेट्स यांचा अंदाज होता. त्यांच्या थव्यात हुबेहूब तशीच काही मोजकी फुलपाखरे मिसळलेली असत. उडताना खुद्द बेट्सही फसत. मात्र टाचणीला लावून तपासल्यावर फरक उघड होई. बेचव फुलपाखरांचे पुढचे दोन पाय खुरटलेले, तर या पाहुण्यांचे सहाही पाय पूर्ण वाढलेले आणि पंखांच्या शिराही निराळ्या. ती चक्क वेगळ्या कुळातील होती. त्या कुळातील फुलपाखरे सहसा पांढरी किंवा पिवळी असतात. केवळ रंग पाहून वर्गवारी केली असती, तर दोन्ही एकाच खणात गेली असती आणि कोडे कधी पडलेच नसते.

डार्विन यांच्या सिद्धांताला पुरावा कसा मिळाला?

बेट्स परतले त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चार्ल्स डार्विन यांचा उत्क्रांतीवरील ग्रंथ आला. त्यातील नैसर्गिक निवडीने बेट्स यांना कोड्याची किल्ली दिली. चवदार फुलपाखरांपैकी जे बेचव फुलपाखरासारखे थोडेफार दिसे, ते पक्ष्यांच्या तावडीतून वाचे. पिढ्यानपिढ्या असे होत साम्य वाढत गेले. पुरावा होता स्थळांच्या नोंदींत. नदीच्या वेगवेगळ्या भागांत बेचव फुलपाखरांचा रंग बदलत होता आणि त्याबरोबर तिथल्या नकलाकारांचाही. नोव्हेंबर १८६१ मध्ये बेट्स यांनी हा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत मांडला. डार्विन यांनी त्याचे जाहीर परीक्षण लिहिले आणि बेट्स यांना प्रवासवर्णन लिहिण्याचा आग्रह धरला. ते १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले. ही नक्कल आजही बेट्स यांच्याच नावाने ओळखली जाते.

काही बेचव फुलपाखरे एकमेकांसारखीही का दिसतात, याचे समाधानकारक उत्तर त्यांना देता आले नाही. ते पुढे १८७०च्या दशकात फ्रिट्झ म्युलर यांनी दिले. पक्षी खरोखरच फसतात हे प्रयोगाने दाखवायला तर १९५०चे दशक उजाडावे लागले.

मान मिळाला का?

मिळाला, पण उशिरा. ब्रिटिश म्युझियमच्या प्राणिशास्त्र विभागातील नोकरीने त्यांना हुलकावणी दिली. १८६४ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत सहायक सचिवपद मिळाले आणि ते त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. दिवसा कार्यालयीन काम आणि उरलेल्या वेळात भुंगेऱ्यांचे वर्गीकरण. लेस्टरमधला क्रम पुन्हा सुरू झाला. १८८१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १६ फेब्रुवारी १८९२ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे अशी उदाहरणे आहेत का?

महाराष्ट्रातही हा खेळ पाहता येतो. रुईच्या पानांवर वाढणारे प्लेन टायगर फुलपाखरू पक्ष्यांना नकोसे असते. डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब त्याच्यासारखी केशरी दिसते, तर नर मात्र काळा आणि पांढऱ्या ठिपक्यांचा असतो. नर आणि मादी एकाच प्रजातीचे आहेत आणि सारखी दिसणारी दोन फुलपाखरे मात्र वेगळी, हे वर्गीकरणामुळेच समजते. नावे देणे म्हणजे नुसती यादी वाढवणे नव्हे, हेच बेट्स यांच्या ११ वर्षांनी दाखवून दिले.