टेनर जोसेफ श्मिट

ऑपेरा नव्याने ऐकणाऱ्या वाचकांनी आधी आवाज ओळखावा, असे आम्ही सुचवतो. पुरुषांत टेनर उंच, बॅरिटोन मधला, बास खर्जाचा. नायक-प्रियकर बहुधा टेनर, त्याचा प्रतिस्पर्धी बॅरिटोन, राजा किंवा धर्मगुरू बास.

जोसेफ श्मिट टेनर होते. जन्म १९०४, बुकोविना प्रांतात. चेर्नोविट्झच्या सिनेगॉगात ते हझान होते. उंची जेमतेम पाच फूट, म्हणून रंगमंचावर नायकाची भूमिका क्वचितच मिळाली. बर्लिन रेडिओवर मात्र त्याच भूमिका गाऊन ते घरोघरी पोचले. १९३३ साली नाझी आले आणि यहुदी म्हणून तेही दार बंद झाले. देशोदेशी पळत १९४२ साली ते स्वित्झर्लंडला पोचले. तेथे निर्वासितांच्या छावणीत ठेवलेले असताना आजारी पडून १६ नोव्हेंबरला, अवघ्या ३८व्या वर्षी, ते वारले.

त्यांच्या ध्वनिमुद्रिका उरल्या आहेत. त्या ऐकताना आम्हांला उंची दिसत नाही, नायकच ऐकू येतो.