गावच्या वळूला पर्याय देणारे मणिभाई

गाय माजावर आली की गावच्या वळूकडे न्यायची, एवढेच पूर्वी भुसावळ-रावेर भागातल्या शेतकऱ्याला ठाऊक. वळू निरोगी आहे का, हे बघतो कोण? त्याचा रोग गायीला, दोष वासराला. या अडचणीवरचा उपाय गोठ्यापर्यंत पोचविणाऱ्यांत मणिभाई देसाई यांचे नाव आदराने घ्यावे लागते.

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० चा, सुरत जिल्ह्यातील कोसमाडा गावचा. १९४२ च्या चळवळीत ते उतरले. १९४६ मध्ये गांधीजींबरोबर पुण्याजवळच्या उरुळीकांचनला आले आणि निसर्गोपचार आश्रमाच्या कामासाठी तिथलेच झाले. तिथे त्यांनी गीर गायी जोपासल्या. १९६७ मध्ये 'बाएफ' संस्था स्थापली. निवडक वळूंचे रेत उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायचे आणि कार्यकर्त्याने शेतकऱ्याच्या दारी जाऊन गाय भरवायची, ही पद्धत त्यांनी खेड्यापाड्यांत रुजविली. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी त्यांचे निधन झाले.

या कामाचे मर्म वळूच्या निवडीत आहे. रेत घेण्याआधी त्याची जननेंद्रिये तपासतात, सांसर्गिक गर्भपातासारख्या रोगांच्या चाचण्या होतात. गावच्या वळूचे असे कोणी बघत नाही. गीरसारख्या जातीत लिंगावरचे आवरण लोंबते, ते काट्याकुट्यात फाटते, सुजते. अशी जखम लवकर दाखविली तर डॉक्टर शस्त्रक्रिया करून वळू वाचवू शकतात. मात्र बरा झाल्यावर विश्रांती आणि रेताची तपासणी झाल्याशिवाय त्याला गायीवर सोडू नये.

जन्मजात दोषाची गोष्ट निराळी. एकच वृषण खाली उतरलेला गोऱ्हा दिसायला दांडगा असतो, कधी गायही गाभण करतो. पण तो दोष पुढच्या पिढीत जाऊ शकतो. शस्त्रक्रियेने जनावर सुधारेल, रक्तातला दोष जात नाही. त्याला खच्ची करून औताला जुंपावे. पोटात राहिलेले वृषण मात्र चिमट्याने दबत नाही, ते डॉक्टरांकडूनच काढून घ्यावे.

देवाला सोडलेल्या वळूचा धनी कोणीच नसतो, म्हणून तपासणीही राहून जाते. सरपंच-ग्रामसेवकांनी हे काम अंगावर घ्यावे. वळू दवाखान्यात दाखवावा, आणि दाखवेपर्यंत आपली गाय त्याच्यापासून लांब बांधावी.