रक्ताविना सरणाऱ्या क्षणांशी झुंज : डॉ. प्रफुल्लकुमार सेन

रक्तपुरवठा थांबला की मूत्रपिंडाचे आयुष्य तासांत आणि मिनिटांत मोजले जाऊ लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या मेंदूमृत रुग्णाचे आप्त अवयवदानाला संमती देतात, तेव्हा प्रतीक्षायादी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राची असते. बर्फाच्या पेटीतील मूत्रपिंडाला पुण्याला न्यायचे झाल्यास सुमारे १२० किलोमीटरचा रस्ता कापावा लागतो. ही धावपळ केवळ वक्तशीरपणासाठी नसते. त्या पेटीत, डोळ्यांना न दिसणारी एक इजा हळूहळू आकार घेत असते. या इजेचे रसायनशास्त्र जगाला पुरते उमगण्याआधीच तिच्याशी झुंज घेणाऱ्या भारतीय शल्यविशारदांत मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

डॉ. सेन यांचा जन्म १९१५ साली कोलकात्यातला. कर्मभूमी मात्र मुंबई. परळ येथे १९२६ मध्ये सुरू झालेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाशी आणि त्याला जोडलेल्या केईएम रुग्णालयाशी त्यांचे नाव कायमचे निगडित झाले. महापालिकेचे हे रुग्णालय म्हणजे गिरणगावातील कामगारांचे आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून येणाऱ्या गोरगरिबांचे आश्रयस्थान. अशा रुग्णालयात, अपुऱ्या साधनांनिशी, प्राण्यांवरील प्रयोगांची शाळा उभी करणे आणि तेथील निष्कर्ष जगातील नामांकित नियतकालिकांपर्यंत पोहोचवणे ही त्या काळात सामान्य गोष्ट नव्हती. डॉ. जी. बी. परुळकर, डॉ. एस. जी. किणरे, डॉ. टी. ई. उदवाडिया यांच्यासारखे सहकारी त्यांना लाभले.

त्यांच्या संशोधनाकडे आज एकत्रितपणे पाहिले, तर त्यात एक समान सूत्र आढळते. ज्या ऊतींपर्यंत रक्त पोहोचत नाही त्यांचे काय होते आणि त्यांच्यापर्यंत ते कसे पोहोचवावे, हे ते सूत्र. १९६३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी महाधमनीच्या मधल्या भागाला अरुंद करणाऱ्या विकारावर लेखन केले. या विकारात मूत्रपिंडाच्या धमन्याही आवळल्या जाऊ शकतात आणि ऐन तारुण्यात रक्तदाब बेसुमार वाढतो. १९६५ मध्ये त्यांनी मांडलेली कल्पना तर आणखी विलक्षण होती. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचे स्नायू बऱ्याच अंशी हृदयाच्या पोकळीतून थेट रक्त शोषून घेतात. मग माणसाच्या रक्तवंचित हृदयस्नायूला सुईने बारीक छिद्रे पाडून तेच का साधू नये, असा त्यांचा विचार होता. पुढे लेझर किरणांनी अशीच छिद्रे पाडण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत आली, तेव्हा या परळच्या प्रयोगाची आठवण आवर्जून काढली गेली.

त्याच १९६५ सालच्या मे महिन्यात केईएम रुग्णालयात मृत व्यक्तीचे मूत्रपिंड काढून ते रुग्णाच्या शरीरात बसवण्याचा प्रयत्न झाला. भारतातील मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा तो पहिला प्रयत्न मानला जातो. रुग्णाला मूत्रपिंडाचा कर्करोग होता आणि शस्त्रक्रियेनंतर तो फार दिवस जगू शकला नाही. देशातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण त्यानंतर काही वर्षांनी, १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झाले. तेथे दाता जिवंत होता.

दाता जिवंत असणे आणि नसणे यांत एवढा फरक का पडावा? जगाच्या इतिहासातच याचे उत्तर दडलेले आहे. १९३३ मध्ये युक्रेनमधील युरी व्होरोनॉय यांनी मृत्यूनंतर सुमारे सहा तासांनी काढलेले मूत्रपिंड एका स्त्रीला बसवले. रक्तगटही जुळत नव्हता. ती दोन दिवसांत दगावली. डिसेंबर १९५४ मध्ये बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला दिले, तेव्हा ते रक्ताविना राहिले अवघी ८२ मिनिटे. तो रुग्ण पुढे आठ वर्षे जगला. जुळ्यांमध्ये परक्या अवयवाला शरीराने नाकारण्याचा प्रश्न नव्हता, हे यशाचे मोठे कारण होय. पण घड्याळाचा वाटाही नाकारता येत नाही.

डॉ. सेन यांच्या काळी भारतात मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती. हृदय थांबले म्हणजेच मृत्यू, अशी स्थिती होती. परिणामी मृत दात्याचे मूत्रपिंड हाती येईपर्यंत ते शरीराच्या उष्ण तापमानात, रक्ताविना पडून राहिलेले असे. आजच्या वैद्यकात या काळाला उष्ण रक्तवंचनेचा काळ म्हणतात आणि तो सर्वांत घातक समजला जातो.

या काळात नेमके काय घडते, ते पाहण्यासारखे आहे. प्राणवायू मिळेनासा झाला की पेशींचे ऊर्जेचे चलन, म्हणजे एटीपी, भराभर खर्ची पडते. त्याच्या विघटनातून हायपोझँथीन नावाचे द्रव्य साचत जाते. पेशींतील मायटोकाँड्रियांमध्ये सक्सिनेट साचते. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांतील पेशी दिवसभर क्षार व पाणी वाहून नेण्याचे अवजड काम करतात. त्यांना ऊर्जेची भूक मोठी, म्हणून त्याच प्रथम जखमी होतात.

मात्र खरा घाव पुढे असतो. शल्यविशारद धमनी जोडतो, चिमटा काढतो, फिकट मूत्रपिंड पुन्हा गुलाबी होते. याच क्षणी आत शिरलेल्या प्राणवायूची गाठ साचलेल्या द्रव्यांशी पडते आणि मुक्त मूलकांचा भडका उडतो. ही मूलके पेशीपटलांतील स्निग्ध पदार्थ, प्रथिने, गुणसूत्रे यांना होरपळून काढतात. शरीरातील नैसर्गिक प्रतिबंधक द्रव्ये या लोटापुढे अपुरी पडतात. यालाच ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. ज्या रक्तासाठी ऊती आसुसलेली असते, तेच रक्त परतताना तिला इजा करते. असे मूत्रपिंड कित्येकदा काही दिवस लघवीच तयार करीत नाही. रुग्णाला प्रत्यारोपणानंतरही डायलिसिसवर ठेवावे लागते. शिवाय जखमी पेशी धोक्याचे संकेत सोडतात, त्यामुळे प्रतिकारशक्ती अधिक चवताळते आणि अवयव नाकारला जाण्याची शक्यता वाढते. अवयव वाहून नेताना तो थंड ठेवतात, कारण थंडीत पेशींची ऊर्जेची गरज घटते. मूत्रपिंड अशा प्रकारे साधारण एक दिवस तग धरू शकते. हृदयाला मात्र चार-पाच तासांपलीकडे अवधी मिळत नाही.

ही हृदयाची परीक्षाही डॉ. सेन यांनी दिली. कुत्र्यांवरील हृदयरोपणाच्या १०० प्रयोगांचा अहवाल त्यांच्या चमूने १९६५ मध्येच प्रसिद्ध केला होता. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले आणि १६ फेब्रुवारी १९६८ रोजी केईएममध्ये डॉ. सेन यांनी जगातील सहावे केले. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या प्रयत्नालाही यश आले नाही. त्या एका वर्षात जगभर शंभराहून अधिक हृदये रोपली गेली आणि बहुतेक रुग्ण दगावले. डॉ. सेन यांच्या वाट्याला आलेले अपयश त्यामुळे एकट्याचे नव्हते. १९६९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले.

विज्ञानाची पावले त्यानंतर झपाट्याने पडली. १९६९ मध्ये अमेरिकेत जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी मुक्त मूलकांना निष्प्रभ करणाऱ्या सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचे कार्य दाखवून दिले. १९८१ मध्ये मांजरांच्या आतड्यांवरील प्रयोगांतून रक्त परतताना होणाऱ्या इजेमागे ही मूलके असल्याचा पुरावा पुढे आला. पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, डॉ. सेन यांचे निधन झाले. ज्या शत्रूशी ते आयुष्यभर लढले, त्याचा चेहरा त्यांच्या अखेरच्या दिवसांत कुठे स्पष्ट होऊ लागला होता.

१९८० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात फोकर्ट बेल्झर व जेम्स साउथर्ड यांनी अवयव साठवण्याचे नवे द्रावण तयार केले. त्यात ग्लुटाथायोन होते, तसेच एरवी संधिवाताच्या एका प्रकारावर दिले जाणारे अ‍ॅलोप्युरिनॉलही होते. मूलकांचा भडका शमवणे हा त्यामागचा एक हेतू होता. थंड द्रव सतत फिरवत ठेवणाऱ्या यंत्रामुळे मूत्रपिंड अधिक लवकर कामाला लागते, हे २००९ मधील युरोपीय अभ्यासात दिसून आले. २०१४ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी सक्सिनेटची भूमिका उकलली. तरीही ही इजा पूर्णपणे टाळणारे रामबाण औषध अद्याप हाती आलेले नाही. इजा टाळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग वेळ वाचवणे हाच आहे.

आणि वेळ केवळ शल्यगृहात वाचत नाही, हा डॉ. सेन यांच्या जीवनकथेचा खरा बोध. मेंदूमृत्यूचे निकष हार्वर्डच्या समितीने ऑगस्ट १९६८ मध्ये मांडले. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संमत व्हायला १९९४ उजाडले आणि १९९५ पासून तो महाराष्ट्रात लागू झाला. मेंदूमृत दात्याचे हृदय चालू असते, म्हणून मूत्रपिंडाला अखेरच्या क्षणापर्यंत रक्त मिळत राहते. परळच्या शल्यगृहाला १९६५ मध्ये न मिळालेली सवड कायद्याच्या एका व्याख्येने मिळवून दिली. कितीही कुशल हात ही सवड निर्माण करू शकत नव्हते.

अकोले, संगमनेर, शेवगाव, जामखेड अशा दूरवर पसरलेल्या नगर जिल्ह्यासारख्या भागात या सवडीचे मोल अधिक आहे. मोठी प्रत्यारोपण केंद्रे पुण्या-मुंबईत, रुग्ण आणि दाते मात्र गावोगावी. अपघातानंतर मेंदूमृत्यूचे निदान वेळेत होणे, स्थानिक रुग्णालयाने समन्वय केंद्राला तातडीने कळवणे आणि शोकाकुल कुटुंबाला नीट समजावून सांगणारा कुणीतरी जवळ असणे, यावर त्या मूत्रपिंडाचे भवितव्य ठरते. डॉ. सेन यांच्या पिढीने कायद्याच्या पाठबळाविना आणि रसायनशास्त्राच्या उजेडाविना सुरुवात केली. आज दोन्ही हाताशी आहेत. उरते ती आपली तत्परता.